लिम्नोसची सहा युरोची बाटली

५ जून, गुरुवार

यादी छापून आली. सकाळी सातलाच खाली जाऊन पेपर आणला आणि जिन्यात उभ्या उभ्या वाचला. माझंच लिहिलेलं, तरी कुणा परक्या बाईचं वाचतेय असं वाटत होतं. ‘उन्हाळ्यासाठी बारा बाटल्या.’ खाली माझं नाव, एवान्थिया, आणि आडनावात एक अक्षर चुकलेलं.

सव्वीस वर्षं हे सदर अनेस्तिस मास्तरांचं होतं. त्यांच्या यादीत पहिला मान कायम भारीतल्या वाइनला. मीही भारीतल्या घेतल्या आहेत. सांतोरिनीची अडतीस युरोची, जी प्यायल्यावर ओठांवर समुद्राचं मीठ सुकल्यासारखं वाटतं. नाउसाची तांबडी, बावीसची. ती आज उघडू नका, दोन वर्षं कपाटात विसरून जा, असं स्पष्ट लिहिलंय. सामोसची गोड, जेवणानंतर इवल्याशा पेल्यातून घोटभर घ्यायची. राळ घातलेली रेत्सिनासुद्धा घेतली, साडेचार युरोची. हसणारे हसोत. पण सगळ्यांच्या वर ठेवली ती लिम्नोस बेटावरच्या काल्लिरोई नावाच्या बाईची मस्कत द्राक्षाची पांढरी वाइन. सहा युरो. नाकाशी नेली की कुणीतरी गुलाबाच्या पाकळ्या चुरून हात पुढे केल्यासारखं वाटतं, आणि जिभेवर मात्र गोडाचा लवलेश नाही.

लाझारोसला पेपर दाखवला. माझा नवरा बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि बियर पितो. त्याने पूर्ण वाचलं, मग म्हणाला, “फोटोत बरी दिसतेस.”

दहाला मास्तरांचा फोन.

“सहा युरो,” ते म्हणाले. ना नमस्कार, ना काही.

“हो मास्तर.”

“किती बाटल्या उघडल्यास?”

“दोन.”

“एकाच खोक्यातल्या?”

“हो. तिनेच पाठवलेल्या.”

“बरं,” म्हणाले आणि ठेवून दिला.

त्या ‘बरं’मध्ये सव्वीस वर्षांचा राग होता. ज्या माणसाने मला दूध डेअरीच्या प्रयोगशाळेतून उचलून वास घ्यायला शिकवलं, त्याच्याच खुर्चीवर मी बसलेय. खुर्ची पेपरवाल्यांनी दिली, मी मागितली नव्हती. पण त्यांच्या दृष्टीने फरक काय.

१० जून

प्रोद्रोमोसच्या दुकानातली मस्कत संपली. दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, त्यामुळे बातमी भाजी आणतानाच कळते. “पहिल्याच दिवशी एकाने अख्खं खोकं नेलं,” तो म्हणाला. “मी नव्हतो, बायको होती गल्ल्यावर. टोपीवाला म्हातारा म्हणाली. वास न घेता, भाव न करता. असे वाचक मिळायला नशीब लागतं, बाई.”

दुपारी काल्लिरोईबाईंचा फोन आला. मी त्यांना अजून पाहिलेलं नाही, फक्त आवाज. सदुसष्ट वर्षांच्या आहेत, नवरा गेल्यापासून मळा एकट्या बघतात.

“पोरी, तूच ना ती पेपरवाली?”

“मीच, मावशी.”

“चाळीस खोकी मागितलीत दुकानदाराने. एवढी मी दोन वर्षांत विकत नाही. पुतण्या सौर पॅनेलच्या कंपनीला जमीन द्यायचं म्हणत होता. त्याला म्हटलं, आता दुसऱ्याचं रान बघ.”

दिवसभर मी उगाचच हसत होते. आपण चार ओळी लिहितो आणि तिकडे एका बाईचा मळा राहतो. असं रोज होत नाही.

२२ जून

एकेचाळीस अंश. गच्चीवरची तुळससुद्धा मान टाकून. काही लिहिण्यासारखं नाही.

२८ जून, शनिवार

पेपरकडे पत्र आलंय. निवृत्त मुख्याध्यापिका, वरच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या, अक्षर मोत्यासारखं. ‘आपण वर्णिलेला गुलाब आम्हांस आढळला नाही. शिजवलेले सफरचंद आढळले. बहिणीचा वाढदिवस होता.’

एखादी बाटली खराब निघते. तसं कळवलं. पण त्या बहिणीच्या वाढदिवसाचं वाक्य डोक्यातून जात नाही.

३० जून

एखादी नाही. आजपर्यंत नऊ पत्रं, फोन वेगळे. क्लिओने बोलावून घेतलं. ती पुरवणीची संपादक, माझ्याहून लहान, पण समोर बसलं की मीच लहान होते.

“तू प्यायलीस ती हीच का?”

तिच्या टेबलावर प्रोद्रोमोसकडून आणलेली बाटली होती. चहाच्या पेल्यात ओतली. माझी होती ती फिकी, हिरवट. ही पिवळी, जुन्या कागदासारखी. वास सफरचंदाचा आणि करपलेल्या मधाचा. गुलाब कुठेच नाही.

“ही नाही,” मी म्हटलं.

“मग तुला एक पाठवली आणि लोकांना दुसरी विकली?”

या धंद्यात असं होतं. चाखणाऱ्याला वेगळं पिंप, गिऱ्हाइकाला वेगळं. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: जीभ घाई करते, तिच्या मागे धावू नकोस. मी दोन बाटल्यांवर धावले.

“गुरुवारी मागे घेऊ,” क्लिओ म्हणाली. “बाईचं नाव घ्यावं लागेल.”

“नाव घेतलं की ती संपली.”

“नाही घेतलं की आपण.”

घरी येऊन लाझारोसला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बाईने फसवलं असेल तर तिचं तिला. नसेल तर?” आणि अंघोळीला गेला. हा माणूस प्रश्न टाकून अंघोळीला जातो.

१ जुलै

मास्तरांचा फोन. यांना बरोबर वास लागतो.

“बूच पाहिलंस?”

“मास्तर, मला आज शिकवणी नकोय.”

“शिकवणी नाही. बूच पाहिलंस का, एवढंच विचारतोय.”

“तुम्हाला आनंद झालाय ना? तसं म्हणा.”

मग म्हणाले, “बूच बघ,” आणि मी फोन ठेवला. त्यांच्या आधी. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी राग उतरल्यावर बुचं पाहिली. दुकानातून आणखी तीन बाटल्या आणल्या होत्या. तिन्हींची बुचं नखाएवढी वर सरकलेली, झाकणाच्या पत्र्याखाली चिकट ओघळ. म्हणजे वाइन तापली होती. नुसती कोमट नाही, चांगली तापून फुगली आणि बुचाला ढकलून बाहेर आली. हे वाइन बनवण्यातलं पाप नाही, ठेवण्यातलं आहे. पण ठेवली कुणी? प्रोद्रोमोसच्या तळघरात मी स्वतः जाऊन आले. तिथे जुलैतही स्वेटर लागतो. मग उरते काल्लिरोई. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत असेल.

मास्तरांना मला टोचायचं होतं. चुकून उपयोग झाला.

२ जुलै

क्लिओने एक पत्र माझ्या हातात दिलं. शिक्का काळामारिया या उपनगराचा, सही ‘एक जुना वाचक’. ‘मी ५ जून रोजी हीच वाइन घेतली. ती उत्कृष्ट होती व आहे. जीभ घाई करते. दोन खेपांमधला फरक चवीत नव्हे, तारखांत शोधावा. तोवर कुणा बाईचे नाव खराब करू नये.’

“अक्षर ओळखीचं वाटतं?” क्लिओने विचारलं.

“नाही. कुणी म्हातारा दिसतो. मास्तरांचा भक्त असणार, त्यांचंच वाक्य वापरलंय.”

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “हा गुरुवार सोडते. पुढच्या गुरुवारपर्यंत काय ते आण.”

देव त्या काळामारियाच्या माणसाचं भलं करो. अनोळखी लोकच कामी येतात.

४ जुलै, लिम्नोस

बसने कावाला बंदर, तिथून बोट. पाच तास डेकवर बसून तिला काय विचारायचं ते पाठ करत होते.

काल्लिरोई मावशी धक्क्यावर न्यायला आल्या होत्या, मालवाहू गाडी घेऊन. ठेंगण्या, हात पुरुषासारखे, डोक्याला पांढरा रुमाल. घरी आल्यावर चीज, ऑलिव्ह आणि कालचा पाव पुढे ठेवला. मी पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. शेवटी म्हटलं:

“मावशी, मला पाठवलेल्या दोन बाटल्या वेगळ्या होत्या का?”

त्या पेला पुसत होत्या. थांबल्या. “वेगळ्या म्हणजे?”

“म्हणजे खास. निवडून काढलेल्या.”

“माझ्याकडे एकच टाकी आहे, पोरी. निवडायला दुसरी कुठून आणू?”

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. पेला खाली ठेवला, किल्ल्या घेतल्या आणि पुढे निघाल्या. मी मागे. पत्र्याची शेड नव्हतीच. घराच्या मागे टेकडीत खोदलेलं दगडी तळघर, सासऱ्याच्या हातचं. दार उघडल्यावर पायांना गारवा लागला. टाकीची तोटी सोडून त्यांनी पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

गुलाब. तोच. फिका हिरवट रंग, तोच चुरलेल्या पाकळ्यांचा हात.

मला इतकं हायसं वाटलं की मी पेला धरून पायरीवरच बसले. माझं नाक खोटं बोललं नव्हतं, ही बाई खोटं बोलली नव्हती. आठवडाभर छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. मावशी मात्र उभ्याच राहिल्या, हात पोटाशी बांधून. हायसं मला वाटलं होतं. त्यांना मी नुकतंच चोर म्हटलं होतं.

“मग बिघडली कुठे?” मी विचारलं.

“ते तुम्ही शहरवाले शोधा. मी अठरा तारखेला धक्क्यावर नेऊन दिली, पावती घेतली, घरी आले. तुझ्या म्हाताऱ्याचाही फोन आला होता परवा. कधी दिली, कुठल्या बोटीने गेली, सगळं विचारत होता. त्याने निदान आधी नमस्कार केला.”

माझा म्हातारा! लाझारोस एकोणपन्नासचा आहे, पण सकाळी उठल्यावर त्याचा आवाज सत्तरचा वाटतो खरा. मला न सांगता फोन केला बिचाऱ्याने.

पावती घेऊन आम्ही दोघी परत धक्क्यावर गेलो. मालाच्या खिडकीतला माणूस सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. वही उलटली.

“अठरा जून, चाळीस खोकी. बरोबर. एकोणीसला खलाशांचा संप लागला. चोवीसला बोट सुटली.”

“मधले दिवस खोकी कुठे होती?”

त्याने बी तोंडात टाकली आणि हनुवटीने पलीकडे दाखवलं. धक्क्यावर चार खांबांवर पत्रा टाकलेला, भिंती नाहीत. दुपारचं ऊन सरळ आत.

“त्या आठवड्यात माझी टरबुजं शिजली तिथे,” तो म्हणाला. “तुमच्या बाटल्यांचं काय घेऊन बसलात.”

मावशींनी त्या पत्र्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “कुणीच सांगितलं नाही मला,” म्हणाल्या. “मला वाटलं त्याच दिवशी गेली.”

“मलाही कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलंस मात्र मला.”

त्या माणसाकडून तारखा लिहून घेतल्या. उद्याच्या बोटीने परत. मावशींनी झोपायला वरची खोली दिली, चादरी इस्त्रीच्या. रागावलेल्या बाईच्या घरात इतकी स्वच्छ चादर मी पाहिलेली नाही.

५ जुलै

घरी आल्या आल्या लाझारोसचा मुका घेतला. “फोनबद्दल,” म्हटलं.

“कसल्या फोनबद्दल?”

“राहू दे, लाजू नकोस.”

“मी लाजत नाहीये. मला माहीतच नाहीये.”

असा आहे तो. केलेलं कबूल करणार नाही. रात्री त्याला वांग्याचा मुसाका केला. दोनदा वाढून घेतला.

१० जुलै, गुरुवार

सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि छापून आलं. मी दोनच बाटल्यांवर पहिला नंबर दिला, तेही एकाच खोक्यातल्या, हे पण लिहिलं. क्लिओ म्हणाली, हे वाक्य काढ, स्वतःवर कशाला ओढवून घेतेस. मी म्हटलं, त्या वाक्यानंतरच बाकीचं कुणी खरं मानेल. ठेवलं तिने.

प्रोद्रोमोस सगळ्या बाटल्या बदलून देणार. नवीन खेप संध्याकाळच्या बोटीने, ओल्या गोणपाटाखाली. शनिवारी त्याच्या दुकानात लोकांना बोलावलंय. पण एक अडचण आहे. नवीन खेप चांगली लागली तर लोक म्हणतील, आता चांगली पाठवली. पाच जूनच्या खेपेतली एक बाटली हवी होती. ती सगळ्यांनी केव्हाच पिऊन टाकली.

१२ जुलै, शनिवार

आज लिहिलं नाही तर उद्या खोटं वाटेल.

अकरालाच दुकान भरलं. तीसेक माणसं, निम्मी रागावलेली. मुख्याध्यापिका बाई पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी ती वाढदिवसाची बहीण. मी दोन पेले मांडले, तापलेली आणि नवीन. बाईंनी दोन्ही हुंगले आणि म्हणाल्या, “ही चांगली आहे. पण ही तीच आहे हे कशावरून? मुलं परीक्षेचा पेपर पुन्हा लिहून देतात तेव्हा दुसरा चांगला असतोच.”

लोक हसले.

तेवढ्यात दार ढकलून अनेस्तिस मास्तर आत आले. डोक्यावर टोपी, मागे बाजाराची चाकांची पिशवी, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. पिशवीतून त्यांनी एकेक करत अकरा बाटल्या काढून फळीवर ठेवल्या. सगळ्यांवर प्रोद्रोमोसची चिठ्ठी, पाच जून.

“बारावी मी प्यायलो,” ते म्हणाले. “कारण पहिला नंबर दिलेली वाइन तपासायची असते. घ्या, उघडा.”

गल्ल्यामागून प्रोद्रोमोसची बायको म्हणाली, “अगं, हेच ते. खोकं नेणारे.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग क्लिओकडे. क्लिओ छताकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “इतकी वर्षं मी त्यांचं अक्षर लावलंय, एवान्थिया. तुला खरंच ओळखलं नाही?”

काळामारियाला कोण राहतं हे मला आठ वर्षांपासून माहीत आहे. मी त्यांच्या घरी जेवले आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी तीन पेले ओळीने लावले. पाच जूनची, नवीन, मग परत पाच जूनची. बाईंनी बहिणीकडे पेला दिला. बहीण प्यायली, डोळे मिटले आणि म्हणाली, “हा माझा वाढदिवस.”

त्यानंतर दुकानात जे झालं ते लिहायला शब्द नाहीत आणि गरजही नाही. लोक बसले. कुणीतरी चीज आणलं. एक वाजेपर्यंत अकराच्या अकरा बाटल्या संपल्या. मास्तर मधेच कधी गेले कुणाला कळलं नाही.

१३ जुलै

मावशींना फोन करून माफी मागितली. कारणं देत बसले नाही.

“दोन दिवस रागावले होते,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी मळ्यात गेले. या वर्षी घड चांगले धरलेत. ऑगस्टच्या शेवटी तोडणी आहे, मला दोन माणसं कमी आहेत.”

“मी येते.”

“नवऱ्यालाही आण. इंजिनवाला आहे ना, पाठ मजबूत असेल.”

“मावशी, तुम्हाला फोन केला होता तो म्हातारा नवरा नव्हता.”

“ते मला पहिल्या वाक्यात कळलं होतं. नवरे इतके प्रश्न विचारत नाहीत.”

लाझारोसला सांगितलं. तो म्हणाला, मुसाका परत देणार नाही.

१५ जुलै

काळामारियाला गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. मास्तर बाल्कनीत बनियनवर बसून सार्डिन साफ करत होते. उठले नाहीत. समोरची खुर्ची पायाने सरकवली.

मी सगळं बोलले. त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं तेसुद्धा. ते मासळीची डोकी एका वाडग्यात टाकत राहिले.

“मला सरळ का नाही सांगितलंत?” मी शेवटी विचारलं.

“सांगितलं. तू फोन ठेवलास.”

“बुचाबद्दल नाही. तुम्ही माझ्या बाजूने आहात हे.”

“ते कसं सांगतात?” त्यांनी खरंच विचारलं. मग सुरी पुसली. “त्यांनी मला विचारलं होतं, तुमच्यानंतर कोण. मी नाव दिलं. पुढे तू दोन बाटल्यांवर पहिला नंबर देशील हे मला काय माहीत.”

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही झालं. ते समुद्राकडे बघत बसले, माझं आटपेपर्यंत.

मग म्हणाले, “पन्नास वर्षं लोक मला विचारतात, आज काय पिऊ. मी कुणाला विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती.” वाडगा बाजूला केला. “सार्डिन भाजतोय. लिंबू आहे, ओरेगानो आहे. काय पिऊ, सांग.”

माझ्या डोक्यात आधी मोठी नावं आली. बाजूला केली. मासळीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, त्या दमलेल्या माणसाकडे पाहिलं.

“झित्साची,” म्हटलं. “डोंगरातली, जराशी फसफसणारी. आठ युरो. बर्फात ठेवून.”

“ती? तिला मी आयुष्यभर लिंबूपाणी म्हणत आलो.”

“माहीत आहे, मास्तर. आज लिंबूपाणीच प्या.”

त्यांनी थोडा विचार केला. मग आत जाऊन शर्ट घातला, चपला शोधल्या, आणि दारातून म्हणाले, “कोळसा पेटव तोवर. मी घेऊन येतो.”